खो मिळेपर्यंत

खो-खोचा सामना पाहायला बसलं की नजर आधी पळणाऱ्यांवरच खिळते. खांबाला वळसा घालून निसटणारा, मधल्या पाटीवरून साखळी पळणारा, हात पाठीला लागणार तोच अंग चोरून दुसरीकडे वळणारा गडी पाहण्यातच पहिली काही मिनिटं निघून जातात. मग हळूहळू नजर पाटीवर स्थिरावते आणि एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. पाठलाग करणाऱ्या संघाचे नऊ गडी मैदानात आहेत आणि त्यांतले आठ बसलेले आहेत. आक्रमण जोरात चालू आहे, घड्याळ पळतंय, प्रशिक्षक बाहेरून ओरडतायत. आणि आक्रमण करणाऱ्यांपैकी कुठल्याही क्षणी धावतोय फक्त एक जण. आक्रमण करणारा जवळजवळ सगळा संघ बसून असतो, असा दुसरा मैदानी खेळ मला तरी माहीत नाही.

पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं 1914 च्या सुमारास या खेळाला नियमांत बांधायला सुरुवात केली. माती जाऊन मॅट आली, मैदानाची मापं बदलत गेली, पण गाभा तोच राहिला. साधारण 27 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद मैदान, दोन टोकांना दोन खांब, त्यांच्यामधली पाटी आणि पाटीवर आठ चौकोन. शेजारशेजारच्या गड्यांची तोंडं उलट दिशांना, म्हणजे बसलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर अर्धं मैदान आणि पाठीमागे उरलेलं अर्धं. धावणाऱ्यानं मागून येऊन पाठीला हात लावायचा, मोठ्यानं ‘खो’ म्हणायचं, आणि तेव्हाच बसलेल्यानं उठायचं. आधी उठला तर फाउल. उठून एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत मागे फिरता येत नाही आणि मधली पाटी ओलांडता येत नाही. ज्यानं खो दिला, तो तत्क्षणी त्याच चौकोनात बसतो.

तयारी आणि कृती यांच्यामधली सीमारेषा इतकी स्वच्छ आखून दाखवणारी दुसरी जागा शोधून सापडणार नाही. एरवी आयुष्यात तयारी कधी संपली आणि प्रत्यक्ष काम कधी सुरू झालं हे सांगता येत नाही. इथे मात्र ती रेषा म्हणजे पाठीवर टेकणारा एक तळहात. नऊ मिनिटांच्या एका पाळीत ती कितीतरी वेळा ओलांडली जाते.

जानेवारी 2025 मध्ये नवी दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं, महिलांनी 78-40 असं आणि पुरुषांनी 54-36 असं. महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे आणि पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर, दोघंही महाराष्ट्राचे. अशा सामन्यांची दृश्यं पाहताना सूर मारून गडी बाद करणारे हात पुन्हा पुन्हा पाहावेसे वाटतात, हे खरंच. मला मात्र सगळ्यात संथ करून पाहायचा असतो तो दुसराच तुकडा: पाठीवर हात टेकतो तिथपासून बसलेल्याचा पहिला पाय पडतो तिथपर्यंतचा. डोळ्याला तो एकच क्षण वाटतो. त्याच्या आत काय काय घडतं हे शोधण्यात माणसांनी पावणेदोनशे वर्षं घालवली आहेत, आणि जे सापडलंय ते थक्क करणारं आहे.

हात पाठीला टेकला हे मेंदूला कळायला वेळ लागतो, ही गोष्टसुद्धा एके काळी कुणाला ठाऊक नव्हती. मज्जातंतूंमधून संदेश इतक्या वेगानं जातो की तो वेग मोजताच येणार नाही, असं योहानेस म्युलरसारखा एकोणिसाव्या शतकातला मोठा शरीरशास्त्रज्ञ मानत होता. त्याच्याच शिष्यानं, हर्मन हेल्महोल्ट्झनं, 1850 मध्ये कोनिग्सबर्गला बेडकाच्या पायावर प्रयोग करून तो मोजला. सेकंदाला सुमारे 30 मीटर! चांगली धावणारी आगगाडी त्याला मागे टाकेल. माणसाच्या त्वचेतून स्पर्शाची बातमी नेणारे जाड तंतू याहून वेगवान असतात, सेकंदाला साधारण 35 ते 75 मीटर. पाठीपासून मेंदूपर्यंतचं अंतर जेमतेम अर्धा मीटर, म्हणजे हा प्रवास सेकंदाच्या एक-दोन शतांशांत उरकतो. मेंदूतून पायाच्या स्नायूंपर्यंत हुकूम उतरायला आणखी दोन-तीन शतांश. सगळं मिळून 0.05 सेकंदात काम व्हायला हवं.

तसं होत नाही. नुसत्या स्पर्शाला प्रतिसाद म्हणून एक ठरलेली साधी हालचाल करायला माणसाला साधारण 0.15 सेकंद लागतात. जाण्यायेण्याचा वेळ वजा केला तरी सेकंदाचा दहावा भाग उरतोच. तो कुठे जातो?

निवड करायची असेल तर त्याहून आणखी वेळ जातो, हे नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या फ्रान्सिस्कस डॉन्डर्स यांनी 1860 च्या दशकात दाखवलं. त्यांनी केलेला प्रयोग वाचताना खो-खोच डोळ्यांसमोर उभा राहतो. माणसाच्या डाव्या किंवा उजव्या पायाला विजेचा सौम्य झटका द्यायचा आणि त्यानं त्याच बाजूच्या हातानं प्रतिसाद द्यायचा. कुठल्या पायाला झटका बसणार हे आधी सांगितलं असेल तर प्रतिसाद लवकर येतो. सांगितलं नसेल तर उशिरा. दोन वेळांमधला फरक भरला सुमारे 1/15 सेकंद. डावं की उजवं, एवढ्या एका निर्णयाची किंमत. मनात चाललेल्या एखाद्या क्रियेला लागणारा वेळ मोजण्याच्या पहिल्यावहिल्या यशस्वी प्रयत्नांपैकी हा एक.

आता बसलेल्या गड्याकडे पाहा. उठल्यावर या खांबाकडे की त्या खांबाकडे, हा त्याच्यापुढचा प्रश्न डॉन्डर्सचाच आहे. पळणाऱ्यावर डोळा ठेवून त्यानं उत्तर खो मिळण्याआधीच काढून ठेवलं असेल तर तो 1/15 सेकंद वाचतो. धावण्याचा वेग सेकंदाला 6 मीटर धरला तर तेवढ्यात 40 सेंटिमीटर जमीन पायाखाली येते. हात पोहोचला की निसटला, हे ठरवायला चाळीस सेंटिमीटर पुष्कळ झाले. पण आधी ठरवण्यात धोकाही तेवढाच. दिशा चुकीची निघाली तर नियम त्याला परत फिरू देत नाही. म्हणून मैदानावरचे जाणकार नेहमी सांगतात की खो-खो बसलेल्यांच्या डोळ्यांनी जिंकला जातो. बसायच्या पद्धतीसुद्धा घोटून घेतल्या जातात. दोन्ही चवडे एका रेषेत ठेवून बसायची पॅरलल टो, आणि धावपटूसारखा एक पाय पुढे, एक मागे ठेवून बसायची बुलेट टो. वजन चवड्यांवर, हात जमिनीला, मान पळणाऱ्यामागे फिरती. याला कुणी नुसतं बसणं म्हणू नये.

निवडीचा प्रश्नच नसेल, धावायची वाट एकच आणि समोर असेल, तरी शून्य वेळात कुणी निघत नाही. बर्लिनला 2009 मध्ये उसेन बोल्टनं 100 मीटर 9.58 सेकंदांत पार केले, तेव्हा बंदुकीच्या आवाजानंतर हलायला त्यालाही 0.146 सेकंद लागले होते. ॲथलेटिक्सचा नियम तर सांगतो की आवाजानंतर 0.100 सेकंदाच्या आत जो हलला, त्यानं आवाज ऐकून सुरुवात केलेलीच नाही. तो अंदाजानं निघाला. या नियमापायी 2022 च्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेतल्या युजीन इथे अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीतून डेव्हन ॲलन बाद झाला. त्याची नोंद होती 0.099. सेकंदाच्या हजाराव्या भागानं त्या माणसाची शर्यत संपली, आणि मला आजही वाटतं की तो बिचारा खरंच आवाज ऐकून निघाला असणार.

तसं वाटण्याला आधार आहे. बार्सिलोनाच्या जोसेप वाल्स-सोले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एका ठरलेल्या हालचालीसाठी सज्ज करायचं आणि इशाऱ्याच्याच क्षणी कानठळ्या बसवणारा आवाज करायचा. काही वेळा स्नायू 0.08 सेकंदाच्या आसपासच जागे झाले. आणि आली ती नुसती दचकण्याची झटका-हालचाल नव्हती. जी हालचाल करायची ठरली होती ती संपूर्ण, तिच्या सगळ्या क्रमासकट, जशीच्या तशी बाहेर पडली. जणू ती आत कुठेतरी पूर्ण तयार होऊन थांबलेली होती आणि आवाजानं फक्त दार उघडलं. माणूस सज्ज नसेल तर असं काही होत नाही, तो नुसता दचकतो. मोठ्या शर्यतींत प्रत्येक धावपटूच्या मागे स्वतंत्र स्पीकर लावलेला असतो, तो आवाज सगळ्यांना एकाच क्षणी आणि सारख्याच जोरानं मिळावा म्हणून. खो देताना हात आणि आवाज दोन्ही लागतात, यामागे नियम करणाऱ्यांचा हेतू कदाचित पंचांना ऐकू यावं एवढाच असेल. पण त्वचा आणि कान या दोघांना एकाच वेळी इशारा मिळाला तर माणूस एकेकट्या इशाऱ्यापेक्षा लवकर हलतो, हे शंभरहून अधिक वर्षांपासून माहीत आहे.

मग पूर्ण तयार होऊन थांबलेली ही हालचाल असते कुठे?

ब्रिस्टलच्या ग्रे वॉल्टर यांनी 1964 मध्ये डोक्यावर विद्युतपट्ट्या लावून तिची चाहूल टिपली. आधी एक सूचनेचा इशारा, थोड्या वेळानं प्रत्यक्ष इशारा. या दोहोंच्या मधल्या शांततेत माथ्यावर एक मंद विद्युतलहर चढत जाते आणि इशारा येताच कोसळते. त्याच सुमारास जर्मनीत फ्रायबुर्गला हान्स कॉर्नहुबर आणि त्यांचा विद्यार्थी ल्यूडर डीके यांना दिसलं की कुठलाही इशारा नसताना, आपल्या मनानं बोट हलवतानाही, हालचालीच्या आधी सेकंदभर किंवा त्याहून जास्त काळ अशीच एक लहर उठते. तिच्यावरून इच्छास्वातंत्र्याचे केवढे वाद झाले! ते इथे बाजूला ठेवू. आपल्या कामाची गोष्ट अशी की सज्जता ही मेंदूत मोजता येणारी, वीज खर्चणारी घटना आहे. आणि ती फार वेळ ताणून धरता येत नाही. सूचना आणि इशारा यांच्यात दोनेक सेकंदांचं अंतर असेल तर प्रतिसाद सर्वांत चपळ येतो, त्यापुढे वाट लांबली की तो मंदावतो. चांगला बसणारा गडी म्हणूनच सगळा वेळ सारखाच ताठ नसतो. पळणारा दूरच्या खांबाकडे गेला की त्याचे खांदे जरा सैल होतात, आणि पावलं जवळ आली की तो पुन्हा आवळतो.

आता खरं कोडं. मेंदूत हालचालीची लहर चढत असेल, तर पाय हलत का नाहीत?

पुष्कळ वर्षं याचं उत्तर सरळ वाटत होतं. तयारी म्हणजे थोड्या प्रमाणातली हालचाल; मेंदूतल्या त्याच पेशी आधी हळू काम करतात, त्यांचं काम वाढत वाढत एक मर्यादा ओलांडतं आणि शरीर हलतं. थोडक्यात, तयारी वाढत गेली की तीच कृती होते. आपण रोजच्या जगण्यातही असंच गृहीत धरतो. अजून थोडी तयारी झाली की आपोआप सुरुवात होईल, असं.

स्टॅनफर्डमध्ये कृष्णा शेनॉय, मार्क चर्चलंड, मॅथ्यू कॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांच्या मेंदूतल्या शेकडो पेशींच्या नोंदी घेतल्या, आणि हे उत्तर कोसळलं. माकडाला पडद्यावर ठिपका दिसायचा, थोडं थांबायचं आणि इशारा झाला की हात न्यायचा. थांबण्याच्या काळात ज्या पेशी जोरात काम करत, त्याच हालचालीच्या काळातही काम करत. पण एखादी पेशी एका दिशेची तयारी करताना उत्साहात असेल तर प्रत्यक्ष त्याच दिशेला हात जाताना ती गप्प असू शकते, आणि दुसरी नेमकी उलट वागू शकते. तयारीत हालचालीचं छोटं रूप सापडेना. मग 2014 मध्ये त्यांनी दाखवलं की तयारीच्या काळात या पेशींचं काम अशा रीतीनं वाढतं की स्नायूंकडे जाणाऱ्या निरोपांची बेरीज तेवढीच राहते. रस्सीखेचीत दोन्ही बाजूंनी जीव खाऊन ओढत असतात आणि मधली गाठ जागची हलत नाही, तसं काहीसं. बाहेरून पाहणाऱ्याला तिथे काहीच घडत नाही. आत मात्र प्रचंड घडत असतं आणि ते सगळं एकमेकांना अचूक तोलून धरलेलं असतं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ पुढचं पान उलटलं नाही. स्थिर बसलेला माणूस रिकामा नसतो, हे आपल्याला कळत असतंच. पण त्याची स्थिरता ही त्याच पेशींनी घडवलेली, मेहनतीनं टिकवलेली गोष्ट असते, हे किती सुंदर आहे!

शिवाय वर आणखी लगाम आहेत. सिएटलमध्ये यिफत प्रुट आणि एबरहार्ड फेट्झ यांना 1999 मध्ये दिसलं की तयारीची कुजबुज मेंदूपुरती थांबत नाही, ती खाली मज्जारज्जूपर्यंत उतरते. आणि तिथे तिला आवरून धरणारी रोधक क्रियाही त्याच वेळी चालू असते. माणसांवरचे प्रयोग तर याहून चकित करतात. डोक्यावर चुंबकीय झटका देऊन बोटाचा स्नायू किती फडफडतो हे मोजता येतं. अपेक्षा अशी की जे बोट हलवायची तयारी चालली आहे ते जास्त फडफडेल. जुली डुक आणि रिचर्ड आयव्हरी यांच्या प्रयोगांत तयारीच्या काळात नेमकं तेच बोट कमी फडफडलं. ज्याला उठायचं आहे, त्यालाच शरीर जास्त घट्ट धरून ठेवतं.

आणि आता त्या हरवलेल्या दहाव्या भागाकडे येऊ. एड्रियन हेथ, जॉन क्रेकॉर आणि त्यांच्या सहकाऱ्यानं 2016 मध्ये एक युक्ती केली. लोकांना नेहमीच्या गतीनं प्रतिसाद द्यायला न सांगता त्यांना घाई करायला भाग पाडलं, इतकी की त्यांना वाटावं आपण अजून तयार नाही. तरीही त्यांचे हात अचूक गेले. लोक नेहमीच्या वेळेपेक्षा सुमारे 0.08 सेकंद आधी अचूक हालचाल करू शकत होते. म्हणजे एरवी लागणाऱ्या वेळातला जवळजवळ तिसरा हिस्सा तयारीचा नव्हताच. तयारी पूर्ण झालेली असते आणि माणूस तरीही निघत नाही. या संशोधकांचा निष्कर्ष असा की हालचाल तयार करणं आणि हालचाल सुरू करणं ही मेंदूची दोन स्वतंत्र कामं आहेत. पहिलं दुसऱ्याला आपोआप जन्म देत नाही. सुरुवात जरा मागे ठेवली की अपुऱ्या तयारीनिशी निघण्याचा धोका टळतो, म्हणून मेंदू सावधपणानं ते अंतर राखतो.

त्याच वर्षी कॉफमन आणि चर्चलंड यांनी हालचाल सुरू होण्याच्या क्षणी मेंदूत होणारा सर्वांत मोठा बदल वेगळा काढून पाहिला. तो हात डावीकडे जाणार की उजवीकडे, जोरात की हळू, याच्याशी जवळपास निगडितच नव्हता. सगळ्या हालचालींमध्ये तो सारखा होता. काय करायचं याचा त्यात मागमूस नाही. त्यात फक्त ‘आता’ होतं. आपल्या डोक्यातही एक खो दिला जातो, आणि तो त्या क्षणाच्या सगळ्या घडामोडींत सर्वांत मोठा असतो.

आयुष्यातल्या सुरुवातींबद्दल मी या शोधानंतर वेगळा विचार करू लागलो. मेंदूतल्या 0.08 सेकंदाची गोष्ट थेट वर्षांना लावणं शास्त्रीय नाही, हे मला मान्य आहे. पण निर्धार आणि सुरुवात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मानसशास्त्रानंही आपल्या वाटेनं गाठलं आहे. पीटर गोलविट्झर आणि व्हेरोनिका ब्रँडस्टेटर यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना नाताळची संध्याकाळ कशी गेली यावर लिहून पाठवायला सांगितलं होतं, तेही सुट्टीच्या ऐन दिवसांत. करायची तयारी सगळ्यांनीच दाखवली. त्यांतल्या काहींना एवढंच जास्तीचं करायला लावलं की ते कधी आणि कुठे बसून लिहिणार हे आधी नोंदवून ठेवा. नोंदवणाऱ्यांमध्ये काम खरोखर करणाऱ्यांचं प्रमाण इतरांच्या दुपटीहून जास्त निघालं. त्यांचा निर्धार वाढला नव्हता. त्यांना खो मिळायची जागा ठरली होती: अमुक वाजले, अमुक टेबलाशी बसलो, की लिहायचं.

आपल्याकडे हे बारकाईनं पाहायला हवं. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करत वर्षं काढणाऱ्या मुलामुलींना ‘नुसती तयारीच करतात’ असं सहज म्हटलं जातं. ते मला फार लागतं. जाहिरात निघणं, परीक्षेची तारीख लागणं, निकाल लागणं, नेमणूक होणं, यांतलं काहीच त्यांच्या हातात नसतं. त्यांना आधी उठायची मुभा नाही आणि खो देणारा दूरच्या खांबाशी अडकलेला आहे. सज्जता टिकवायला मेंदू किती खर्च करतो हे माहीत झाल्यावर त्यांच्या थकव्याकडे आळस म्हणून पाहणं मला तरी शक्य नाही.

ज्यांच्या शरीराला आतला खोच मिळेनासा होतो, अशी माणसंही आहेत. पार्किन्सन्सच्या आजारात मेंदूच्या तळाशी असलेल्या ज्या केंद्रांनी लगाम सैल करायचा, त्यांना लागणारं डोपामिन कमी पडतं. आजार बळावल्यावर काही जणांचे पाय चालता चालता जमिनीला चिकटतात, बहुतेकदा दारातून जाताना किंवा वळताना. काहींना उभ्या जागेवरून पहिलं पाऊलच टाकता येत नाही. चालायची ताकद असते, इच्छा असते, कुठे जायचं हेही स्पष्ट असतं. आणि त्याच माणसासमोर जमिनीवर आडव्या रेघा आखल्या तर तो त्या ओलांडत भराभर चालू लागतो! लंडनचे डॉक्टर पर्डन मार्टिन यांनी 1960 च्या दशकात हे तपशिलात नोंदवलं. रेघ, ताल, कुणी मोजलेले आकडे, गाण्याचा ठेका, काहीही चालतं. आतून येत नाही तो इशारा बाहेरून आला की काम होतं. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालवले आहेत; ताल आणि सोबत यांच्या आधारानं शरीर कसं वाट काढतं, हे तिथे दिसतं.

ओरेगनच्या जेसी जेकब्स आणि फे होरॅक यांनी 2009 मध्ये याच रुग्णांच्या थरथरणाऱ्या गुडघ्यांचा अर्थ लावला. पाय चिकटलेल्या माणसाचे गुडघे हलताना दिसतात, ते निव्वळ कंप नाही. पाऊल टाकण्याआधी शरीर जी पूर्वतयारीची हालचाल एकदा करतं, ती तो माणूस पुन्हा पुन्हा करत असतो. वजन सरकवतो, परत आणतो, पुन्हा सरकवतो. तयारी होते, परत होते, आणि पाऊल काही पडत नाही.

ही पूर्वतयारीची हालचाल निरोगी माणसाला कधीच जाणवत नाही. मॉस्कोमध्ये बेलेन्की, गुर्फिंकेल आणि पाल्त्सेव यांनी 1967 मध्ये ती स्पष्टपणे मांडली. उभ्या माणसानं हात झटकन वर उचलला तर खांद्याच्या स्नायूआधी मांडीच्या मागचे आणि पाठीचे स्नायू जागे होतात, कारण हात पुढे गेल्यावर जाणारा तोल त्यांना आधीच सावरायचा असतो. चालायला सुरुवात करताना तर याहून चमत्कारिक घडतं. पुढे जायचं असतं, पण तळपायाखालचा दाब आधी मागे सरकतो, आणि उजवा पाय उचलायचा असेल तर उजवीकडेच सरकतो. त्या दाबानं शरीराचं वजन पुढे आणि डाव्या पायावर ढकललं जातं. पोटरीचा स्नायू, जो एरवी आपल्याला सरळ उभं धरतो, तो सैल पडतो. शरीर पुढे कलतं, म्हणजे सरळ शब्दांत पडू लागतं, आणि मग उजवा पाय येऊन ते पडणं झेलतो. बसून उठणाऱ्या खो-खोच्या गड्यालाही हाच हिशेब चुकवावा लागतो, फक्त फार कमी वेळात. चवड्यांवर आधीच टाकलेलं वजन म्हणजे त्या हिशेबातला आगाऊ भरलेला हप्ता.

हे तुम्हाला आत्ता करून पाहता येईल. भिंतीशेजारी असे उभे राहा की डावा खांदा आणि डाव्या पावलाची बाहेरची कड भिंतीला पूर्ण टेकलेली असेल. आता उजवा पाय बाजूला उचलून तसाच धरून ठेवायचा प्रयत्न करा. स्नायू शाबूत आहेत, इच्छा आहे, काय करायचं तेही माहीत आहे, आणि पाय हवेत राहत नाही. उजवा पाय उचलण्याआधी शरीराला वजन डावीकडे न्यायचं असतं, आणि भिंत त्याला तेवढं सरकू देत नाही. आता भिंतीपासून हातभर दूर या, आणि पुन्हा उचला.